फ्रीजमधली कॅडबरी

नांदेडच्या इतवाऱ्यात किंवा लातूरच्या गंजगोलाईत ‘चॉकलेट द्या’ म्हटलं की दुकानदार बरणीत हात घालून रुपया-रुपयाच्या गोळ्या काढतो. वडी हवी असेल तर ‘कॅडबरी’ म्हणावं लागतं, मग ती कोणत्याही कंपनीची का असेना. बरणी काउंटरवर असते आणि कॅडबरी फ्रीजमध्ये. साखरेची गोळी मराठवाड्याचा उन्हाळा सोसते, वडीला तो सोसत नाही.

याला कारण कोको बटर. ही चरबी सहा निरनिराळ्या स्फटिकरूपांत गोठते आणि कारखानदाराला हवं असतं त्यातलं पाचवं. त्या रूपात वडीला चकाकी येते, ती टक्‌कन मोडते आणि 34 अंशांच्या आसपास वितळते. म्हणजे हातात टिकायची आणि जिभेवर विरघळायची. थंड हवेच्या देशांत हे गणित झकास जमतं. नांदेडला मे महिन्यात पारा 42च्या घरात असतो, तेव्हा वडी जिभेची वाट बघत बसत नाही. लातूर पठारावर, नांदेडपेक्षा उंच, तरी चाळिशी त्यालाही चुकलेली नाही.

वितळणं एक वेळ परवडलं, पण पुन्हा गोठणं वाईट. दहा-बारा तासांच्या भारनियमनाचे दिवस मराठवाडा विसरलेला नाही. दुपारी वीज गेली की फ्रीजमधला माल सैल पडायचा आणि रात्री वीज आली की पुन्हा घट्ट व्हायचा, पण भलत्याच स्फटिकरूपात. मग वडीवर पांढुरका थर यायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, बुरशी आली. ती बुरशी नसते, वर आलेलं कोको बटरच असतं; खाल्लं तर अपाय नाही. पण भर गर्दीत हे स्फटिकशास्त्र सांगत कोण बसणार? असा माल ‘डॅमेज’ म्हणून बाजूला पडतो आणि तो कुणाच्या खात्यावर घालायचा, यावरून दुकानदार, एजन्सीवाला आणि कंपनीचा सेल्समन यांच्यात ओढाताण चालते.

कॅडबरी कंपनी 1948 साली भारतात आली ती आयातदार म्हणून. इथले कारखाने नंतरचे. माल दुकानात कसा राहतो याचा सगळ्यात महागडा धडाही तिला महाराष्ट्रातच मिळाला. ऑक्टोबर 2003मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, मुंबईत वड्यांमध्ये अळ्या सापडल्याच्या तक्रारी अन्न व औषध प्रशासनाकडे गेल्या. कंपनीने दुकानातल्या साठवणुकीकडे बोट दाखवलं, पण वेष्टनही बदललं. 2004च्या सुरुवातीला उष्णतेने चिकटवून बंद केलेलं नवं पाकीट आलं आणि जाहिरातीत अमिताभ बच्चन.

उन्हाशी झगडा काही आपल्याच वाट्याला आलेला नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी हर्शी कंपनीने जवळजवळ 49 अंशांपर्यंत टिकणारी वडी बनवली. अट अशी होती की चव उकडलेल्या बटाट्यापेक्षा जेमतेम बरी असावी, नाहीतर शिपाई ती भूक लागण्याआधीच संपवतील. अट चोख पाळली गेली, असं खाणाऱ्यांचं मत होतं.

आपल्याकडे शोधलेली वाट जास्त व्यवहारी. आत वेफर, वर पातळ थर; थर ओघळला तरी वेफर आकार धरून ठेवतो. स्वस्त मालात कोको बटरऐवजी पामसारख्या तेलाची घट्ट चरबी वापरतात. ती उन्हात तग धरते, पण टाळूला मेणासारखी चिकटून राहते. आमच्या पिढीला तीच चव चॉकलेटची वाटली. खरं कोको बटर पुष्कळ उशिरा भेटलं आणि पहिल्यांदा ते फारच मऊ लागलं. मला सगळ्यांत हुशार वाटतं ते किंडर जॉय. वितळायचंच आहे ना? मग मऊच भरा आणि सोबत चमचा द्या! शिवाय मुलांना परदेशी वाटणारं हे अंडं तयार होतं बारामतीत. फेरेरोचा कारखाना तिथे 2011पासून आहे.

खरोखर बाहेरून येणाऱ्या मालाची वाट मात्र लांबची. न्हावाशेवा बंदरात 30 टक्के मूळ सीमाशुल्क भरायचं, आयातदाराचं नाव-पत्ता आणि परवाना क्रमांक असलेलं स्टिकर लावायचं, शाकाहारी असेल तर हिरवा ठिपका दाखवायचा. एक्सपायरीचाही हिशेब असतो: आयुष्याचे 60 टक्के किंवा तीन महिने, यांतलं जे कमी, तेवढं तरी शिल्लक लागतं. त्यानंतर नांदेडपर्यंत साडेपाचशे-सहाशे किलोमीटरचा रस्ता आणि शेवटच्या टप्प्यात उन्हात उभा राहणारा टेम्पो. आखातातून सुट्टीवर येणाऱ्यांच्या बॅगेतून येणाऱ्या चॉकलेटला यातलं काहीच आड येत नाही. पण तो नातेवाइकांत वाटायचा खाऊ. दुकानात मांडला की स्टिकर कुठंय, हा प्रश्न आलाच.

22 सप्टेंबर 2025पासून चॉकलेटवरचा जीएसटी 18वरून 5 टक्क्यांवर आला. त्याच्या आधी, डिसेंबर 2024मध्ये, जागतिक बाजारात कोको टनाला 12 हजार डॉलरच्या वर गेला होता. नांदेड-लातूरच्या गल्ल्यावर मात्र या दोन्ही आकड्यांपेक्षा थर्मामीटरचा धाक जास्त. मोठ्या वड्यांचे खोके मागवायचे ते दिवाळीपासून थंडी सरेपर्यंत. होळी झाली की मागणी आखडती घ्यायची आणि फ्रीजमधली ती जागा ताक-लस्सीला द्यायची.

तरीही मे महिन्यात एखादं पोर हट्टाने कॅडबरी घेतंच. घरी पोचेपर्यंत पाकिटात नुसता रस उरलेला असतो. मग ते कोपरा दातांनी फाडतं आणि पेप्सीसारखी चोखून संपवतं.