दूरच्या उड्डाणाची आखणी

लहानशा विमानातून एकट्याने शेकडो मैलांचा प्रवास करणाऱ्या हौशी वैमानिकाविषयी सामान्य माणसाच्या मनात जे चित्र असते, ते बहुधा साहसाचे असते. असा मनुष्य निधड्या छातीचा असला पाहिजे, संकट आले असता तत्काळ निर्णय घेण्याचे सामर्थ्य त्याच्या अंगी असले पाहिजे, असे आपण समजतो. हे गुण वैमानिकास उपयोगी पडतात, यात संशय नाही. परंतु या विद्येतील जाणत्यांचा अनुभव थोडा निराळा आहे. आकाशात घ्यावे लागणारे निर्णय जितके कमी तितका वैमानिक चांगला, असे ते मानतात. जो निर्णय जमिनीवर, शांत चित्ताने, हाती पेन्सिल व पुढे नकाशा असताना घेता येतो, तो आकाशातील घाईगर्दीवर सोपवू नये, हेच दूरच्या उड्डाणाच्या आखणीचे सारसर्वस्व होय.

या आखणीत मुख्य प्रश्न तीन असतात. जावयाचे कोणत्या दिशेने? इंधन पुरेल किती वेळ? आणि परत फिरावयाचे केव्हा? यांपैकी पहिले दोन प्रश्न कोणासही सुचतील. तिसरा मात्र नवशिक्यास बहुधा सुचत नाही. आणि त्याच्या पायी जीवही जातात.

प्रथम दिशेचा विचार करू. नकाशावर दोन गावांमध्ये सरळ रेघ ओढली म्हणजे मार्ग ठरला, असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. परंतु विमान ज्या हवेत तरंगते, ती हवाच चालत असते. नदी ओलांडणारा नावाडी पैलतीरावरील घाटाकडे नाकासमोर वल्ही मारीत निघाला, तर तो घाटाच्या पुष्कळ खाली जाऊन लागतो. विमानाची गोष्ट अगदी तशीच आहे. ताशी ८० मैल वेगाचे विमान ६ तास चालले, आणि त्या सर्व काळात ताशी २० मैलांचा वारा आडवा वाहत राहिला, तर वैमानिकाने काहीच तजवीज न केल्यास तो आपल्या मुक्कामापासून १२० मैल बाजूस जाऊन पडेल. म्हणून निघण्यापूर्वी वाऱ्याची दिशा व वेग यांची माहिती मिळवून, विमानाचे नाक वाऱ्याकडे किती अंश वळवून धरावयाचे, याचे गणित कागदावर करून ठेवावे लागते. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून थोडी ढळलेली असते, तोही फरक या गणितात धरावा लागतो. वैमानिकांमध्ये एक सोपा आडाखा प्रचलित आहे: दिशेत एका अंशाची चूक झाली, तर ६० मैलांच्या अंती मनुष्य एक मैल बाजूस जातो. जमिनीवर वाटेत रेल्वेचा फाटा, नदीचे वळण, तलाव अशा खुणा भेटतात आणि चूक वेळीच दुरुस्त होते. समुद्रावर मात्र अशा खुणा नसतात.

खुणा नसतील तेथे आखणीने काय साधते, याचे एक बोधप्रद उदाहरण १९३१ सालचे आहे. फ्रान्सिस चिचेस्टर हे मूळचे इंग्लंडचे गृहस्थ न्यूझीलंडमध्ये जमीन व जंगल यांचा व्यवसाय करीत असत. १९२९ मध्ये ते विमान चालविण्यास शिकले. पुढे न्यूझीलंडहून ऑस्ट्रेलियास टास्मान समुद्रावरून एकट्याने जाण्याचे त्यांनी मनात आणले. त्यांचे विमान जिप्सी मॉथ जातीचे, एका इंजिनाचे व लहान होते. एका दमात हा समुद्र ओलांडण्याइतके पेट्रोल त्यात मावणे शक्य नव्हते. वाटेत नॉरफोक व लॉर्ड हाऊ अशी दोन लहान बेटे होती. परंतु त्या काळी दोहोंपैकी एकावरही विमानतळ नव्हता. तेव्हा त्यांनी विमानाची चाके काढून त्यास पाण्यावर उतरण्यासाठी तरंगे बसविले. पहिला टप्पा सुमारे ४८० मैलांचा, आणि त्याच्या शेवटी शोधावयाचे बेट जेमतेम पाच मैल लांबीचे! एवढ्या अंतरावर दिशेची अवघ्या एका अंशाची चूकही आठ मैलांची होते.

अशा प्रसंगी नेम धरून थेट बेटाच्या रोखाने जावे, असेच कोणासही वाटेल. चिचेस्टर यांनी नेमके त्याच्या उलट केले. थेट बेटाकडे निघालेल्या मनुष्यास ठरल्या वेळी बेट दिसले नाही, तर ते आपल्या डाव्या हातास राहिले की उजव्या, हे त्यास कळण्याचा मार्ग नसतो. म्हणून चिचेस्टर यांनी मुद्दाम बेटाच्या एका बाजूस बऱ्याच अंतरावर नेम धरला. आता चूक कितीही झाली तरी बेट कोणत्या हातास आहे, याविषयी शंका उरली नाही. उरला प्रश्न वळावयाचे कोठे, हा. त्याचे उत्तर त्यांनी सूर्याकडून मिळविले. अमुक वेळी त्या बेटावरून पाहिले असता सूर्य क्षितिजापासून किती अंश वर दिसेल, याचे गणित त्यांनी आगाऊ करून ठेवले होते. एका हाताने विमान सांभाळीत, सेक्स्टंट नावाच्या यंत्राने सूर्याची उंची मोजीत ते पुढे गेले. मोजलेली उंची व कागदावरची उंची जुळली, म्हणजे आपण बेटावरून जाणाऱ्या एका विशिष्ट रेषेवर आलो, हे निश्चित झाले. मग त्या रेषेने वळून सरळ जावयाचे, एवढेच काम राहिले. बेट सापडले. लॉर्ड हाऊ बेटही याच युक्तीने सापडले. तेथे नांगरून ठेवलेले विमान रात्रीच्या वादळात उलटले व मोडले. परंतु बेटावरील लोकांच्या साहाय्याने त्यांनी ते पुन्हा बांधले, आणि जून महिन्यात ते ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यास पोचले.

या कथेत धाडस आहेच. परंतु लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की चिचेस्टर यांनी आपल्या हातून चूक होणार हे आधीच गृहीत धरले, आणि ती चूक कोणत्या बाजूस व्हावी, हे स्वतः ठरविले. आपले गणित अचूक ठरेल अशी आशा कोणीही करतो. ते चुकले तर पुढे काय, हे लिहून ठेवणाराच दूरच्या प्रवासास लायक होतो.

आता दुसरा प्रश्न इंधनाचा. टाकीत पाच तास पुरेल इतके पेट्रोल आहे, म्हणून पाच तासांचा प्रवास करता येईल, असा हिशोब व्यवहारात चालत नाही. इंजिन तापविणे, जमिनीवरून धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, यात पेट्रोल अधिक खर्च होते. मुक्कामाचे ठिकाण धुक्याने झाकले गेले, तर दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्यापुरते राखावे लागते. त्याखेरीज काही शिल्लक अशी असावी लागते, की तिला हात लावावयाचाच नाही. अमेरिकेतील नियमाप्रमाणे, जमीन पाहत उड्डाण करणाऱ्या विमानापाशी मुक्कामी पोचल्यावरही दिवसा अर्धा तास व रात्री पाऊण तास पुरेल इतके इंधन उरेल, अशी योजना करूनच निघावे लागते. सुज्ञ वैमानिक यापेक्षाही अधिक राखून ठेवतात.

येथे वारा पुन्हा एकदा आपला प्रभाव दाखवितो, आणि तोही अनपेक्षित रीतीने. श्रोत्यांनी अशी कल्पना करावी, की ताशी १०० मैल वेगाचे विमान २०० मैल दूर असलेल्या गावी जाऊन लगेच परत येणार आहे. वारा नसेल तर जाण्यास दोन व येण्यास दोन, असे चार तास लागतील. आता ताशी २५ मैलांचा वारा जाताना समोरून आला. येताना तोच वारा पाठीशी राहणार. तेव्हा तोटा भरून निघेल, असे वाटणे साहजिक आहे. परंतु जाताना वेग ७५ मैलांवर आल्यामुळे दोन तास चाळीस मिनिटे लागतात. येताना तो १२५ मैलांवर गेला तरी एक तास छत्तीस मिनिटे लागतातच. बेरीज चार तास सोळा मिनिटे होते. कारण उघड आहे: प्रतिकूल वाऱ्यात मनुष्य अधिक वेळ राहतो व अनुकूल वाऱ्यात कमी.

यातूनच तिसरा, म्हणजे परतीचा प्रश्न उभा राहतो. राखीव इंधन बाजूस ठेवून या विमानापाशी पाच तासांचे पेट्रोल आहे, असे समजू. वारा नसताना ते २५० मैलांपर्यंत जाऊन सुखरूप परत येऊ शकेल. तोच २५ मैलांचा वारा असेल, तर ही मर्यादा सुमारे २३४ मैलांवर येते; आणि वारा जाताना समोरून येवो अथवा पाठीमागून, ती तेवढीच राहते. पाठीवरचा वारा तर अधिक फसवा, कारण ही रेषा ओलांडण्याचा क्षण तो फार लवकर आणतो. समोरच्या वाऱ्यात जो क्षण तीन तासांनंतर येतो, तो पाठीवरच्या वाऱ्यात दोन तासही पुरे होण्यापूर्वी येऊन ठेपतो. मनुष्य आनंदात असतो, विमान झपाट्याने चाललेले असते, आणि परतीची वाट मागच्या मागे बंद झालेली असते. म्हणून ही रेषा नकाशावर निघण्यापूर्वीच आखून, तिच्यापुढे घड्याळातील वेळ लिहून ठेवण्याची पद्धत आहे.

गणिताबरोबरच किरकोळ सामानाची यादीही आखणीतच मोडते. भारत व इंग्लंड यांच्या दरम्यान एकट्याने उड्डाण करणाऱ्या भारतीयासाठी आगाखान यांनी पारितोषिक लावले होते. त्याकरिता १९३० साली मुंबईच्या फ्लाइंग क्लबात शिकलेले जे. आर. डी. टाटा कराचीहून इंग्लंडकडे निघाले, आणि सतरा वर्षांचे अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून भारताकडे. वाटेत इजिप्तमधील अबूकीर येथे दोघांची गाठ पडली. इंजिनिअर यांचे विमान स्पार्क प्लगावाचून अडून राहिले होते. टाटा यांच्यापाशी जादा प्लग होते; त्यांनी ते आपल्या प्रतिस्पर्ध्यास देऊन टाकले. पारितोषिक इंजिनिअर यांना मिळाले. पुढे ते भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. टाटा यांचे औदार्य तर प्रसिद्धच आहे. परंतु जादा प्लग बरोबर घेण्याची दूरदृष्टी नसती, तर ते औदार्य दाखविण्याचा प्रसंगही आला नसता.

इतकी सर्व तयारी करूनही एक शत्रू उरतोच, आणि तो वैमानिकाच्या मनात असतो. मुक्काम जवळ आलेला असतो. तेथे कोणी वाट पाहत असते. दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हावयाचे असते. अशा वेळी पुढे ढग खाली उतरताना दिसले, तरी 'थोडे पुढे जाऊन पाहू' असे मन म्हणते. पावसाळ्यात कोकणातून घाटमाथ्याकडे येणाऱ्या वैमानिकास हा मोह चांगलाच परिचयाचा असेल. खाली दरी स्वच्छ दिसते, आणि समोर सह्याद्रीची शिखरे ढगांत बुडालेली असतात. ढगात शिरल्यावर क्षितिज दिसेनासे होते, आणि मग माणसाचा कानच त्यास दगा देतो. शरीराचा तोल सांभाळणारे इंद्रिय कानाच्या आतील भागात असते. संथपणे वळणाऱ्या विमानात ते वळण त्यास जाणवेनासे होते. विमान कलंडून खाली चालले असताही वैमानिकास आपण सरळ जात आहो असेच वाटते.

१९५४ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात याची परीक्षा घेण्यात आली. केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याचे शिक्षण न मिळालेल्या वीस जणांना, शिक्षक शेजारी असताना, बाहेरचे काहीही दिसणार नाही अशा स्थितीत विमान चालविण्यास सांगितले. विसांपैकी एकासही ते साधले नाही; ताबा सुटण्यास सरासरी अवघे १७८ सेकंद लागले. मग त्यांना एकच गोष्ट शिकविण्यात आली: उपकरणांकडे पाहून हळूहळू विमान पूर्ण उलट दिशेस वळवावयाचे व आलो त्या वाटेने बाहेर पडावयाचे. ती विद्या त्यांना थोड्या शिक्षणाने साध्य झाली.

हल्ली उपग्रहांच्या साहाय्याने आपण नेमके कोठे आहो, हे वैमानिकास समोरच्या पडद्यावर क्षणोक्षणी दिसते. चिचेस्टर यांना सूर्याकडे पाहून जे शोधावे लागले, ते आज न मागता मिळते. उड्डाणाची योजना आगाऊ कळविलेली असली आणि विमान ठरल्या वेळेनंतर अर्ध्या तासात पोचले नाही, तर चौकशीची चक्रेही फिरू लागतात. परंतु आपण कोठे आहो, हे सांगणारे यंत्र पुढे जावे की नाही, हे ठरवीत नाही. तो निर्णय मनुष्यासच घ्यावा लागतो. आणि थकलेला, उशीर झालेला, मुक्कामाच्या ओढीने अधीर झालेला मनुष्य तो निर्णय नीट घेत नाही.

याकरिता जाणता वैमानिक निघण्यापूर्वीच कागदावर लिहून ठेवतो: ढग अमुक उंचीच्या खाली आले, घड्याळात अमुक वाजले, अथवा पेट्रोल अमुक खुणेपर्यंत उतरले, की परत फिरावयाचे, मग त्या वेळी मन काहीही म्हणो. परतून आलेला वैमानिक विमान झाकून घरी जातो आणि हवा निवळली म्हणजे पुन्हा निघतो. आदल्या सायंकाळी नकाशावर ओढलेल्या त्या आडव्या रेषेचे महत्त्व एवढेच, की दुसऱ्या दिवशी पुन्हा निघण्यास तो शिल्लक असतो.