धूळ कोणती, हात कुणाचे?

पुणतांब्याच्या धुळीला ऋतू आहेत. चैत्र-वैशाखात गोदावरीचं पात्र उघडं पडतं, रानं नांगरून तापत पडलेली असतात आणि दुपारचा वारा ती काळी माती पिठासारखी उचलून घराघरांत आणून टाकतो. मळणीच्या दिवसांत गव्हाचा नाही तर सोयाबीनचा भुसा येतो. तो नाकात गेला की शिंकांची माळ लागते. ऊसतोड सुरू झाली की पेटवलेल्या पाचटाची काळी फुलं अंगणातल्या वाळवणावर उतरतात. राहता राहिला पावसाळा. त्यात धूळ नसते, पण उंबऱ्यापर्यंत आलेला चिखल वाळला की त्याचीही धूळच होते.

आमच्या गावाचं नाव बाहेर ठाऊक आहे ते चांगदेवांच्या समाधीमुळे, शिर्डीकडे फुटणाऱ्या रेल्वेच्या फाट्यामुळे आणि २०१७ च्या शेतकरी संपामुळे. धुळीमुळे कुणी ते घेत नाही, कारण धूळ कुठल्या गावात नसते? बदललं आहे ते घर. शेणानं सारवलेली जमीन, भिंतीला टेकलेली वळकटी आणि कोपऱ्यातली शिंदीच्या पानांची केरसुणी हा एकमेकांना साजेसा संसार होता. आता खाली गुळगुळीत टाइल्स आहेत, वर फोमच्या गाद्या, कापडी सोफा, दुहेरी पडदे आणि सरकत्या खिडक्या. खिडकीच्या त्या अरुंद खाचेत केरसुणीचं टोक जात नाही आणि सोफा काही अंगणात नेऊन झटकता येत नाही.

म्हणून हल्ली दिवाळीच्या आधी पुण्या-मुंबईच्या मुलांचे फोन येतात, ‘आईसाठी व्हॅक्यूम क्लीनर पाठवतो, कोणता पाठवू?’ यातले काही प्रश्न माझ्याकडेही येतात. बँकेत असताना फ्रिज, टीव्ही, शिलाई मशीन यांची कर्जं मी मंजूर केली. ज्यानं वस्तूला कर्ज दिलं त्याला वस्तूतलं कळत असणार, अशी लोकांची भाबडी समजूत असते. खरं सांगायचं तर बँकेतल्या खुर्चीनं मला दोनच प्रश्न विचारायला शिकवलं : ही वस्तू कशासाठी हवी आहे आणि ती वापरणार कोण? व्हॅक्यूम क्लीनरच्या बाबतीत हे दोन प्रश्न पुरेसे आहेत.

या यंत्राचा जन्मच मुळी खोकल्यातून झाला आहे. लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंजिनिअरनं धूळ फुंकून उडवणारं एक यंत्र पाहिलं आणि त्याच्या मनात आलं की, उडवण्याऐवजी ती ओढून का घेऊ नये? त्यानं खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवून तोंडानं हवा ओढून पाहिली. ठसका लागला, पण रुमालावर धुळीचा डाग उमटला. १९०१ साली त्यानं पेटंट घेतलं. त्याचं यंत्र घोडागाडीवरून येई आणि रस्त्यावर उभं राहून लांबलचक नळ्या खिडक्यांतून घरात सोडी. पुढे अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कँटन गावी जेम्स मरे स्पँग्लर नावाचा एक सफाई कामगार दुकानातले गालिचे झाडत असे. त्याला दमा होता. झाडताना उडणारी धूळ सोसवेना, तेव्हा त्यानं पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून घरगुती यंत्र तयार केलं. १९०८ साली त्याला पेटंट मिळालं आणि ते हूव्हर कुटुंबानं विकत घेतलं. पुढे इंग्लंडात हे यंत्र हूव्हर याच नावानं ओळखलं जाऊ लागलं.

गालिचे झाडणाऱ्या माणसाचं हे यंत्र आपल्याकडे आलं तेव्हा आपल्या घरांत गालिचे नव्हते. मुंबईत १९८२ साली युरेका फोर्ब्स कंपनी सुरू झाली आणि टाय लावलेले तरुण दारोदार जाऊन यंत्र चालवून दाखवू लागले. पुढे इतरही कंपन्या आल्या. त्या प्रात्यक्षिकाची आठवण शहरातल्या अनेक कुटुंबांना असेल. गादीवरून नळी फिरवायची आणि निघालेली धूळ कापडावर पसरून दाखवायची. ‘अगंबाई, यावर आपण झोपतो!’ असा उद्गार निघाला की अर्धी विक्री झाली. पण जगातल्या कुठल्याही गादीतून धूळ निघतेच. त्यावरून यंत्र धूळ ओढतं एवढंच सिद्ध होतं. ते तुमच्या घराला योग्य आहे, हे सिद्ध होत नाही.

तर पहिला प्रश्न, यंत्र कशासाठी? टाइल्सच्या, शहाबादी किंवा कोट्याच्या फरशीसाठी झाडू आणि ओलं फडकं हे फार चांगलं साधन आहे. ओल्या फडक्यानं धूळ उडत नाही. ज्या घरात गादी, सोफा, पडदे, पुस्तकांचं कपाट, खिडकीच्या खाचा यांपैकी काहीच फारसं नाही, त्या घरानं यंत्र घेऊ नये. हे सगळं असेल, तर नळीला निरनिराळी तोंडं लावता येणारं, जमिनीवर चाकांनी मागे येणारं साधं डब्याचं यंत्र बहुतेक घरांना पुरतं. फटीसाठी चपटं तोंड, पडद्यासाठी ब्रशचं आणि गादीसाठी रुंद, एवढी तीन तोंडं हवीतच. पुष्कळ यंत्रांत हवा उलटी फेकण्याची सोय असते. कूलरची जाळी आणि मोटरवरची धूळ अंगणात नेऊन उडवायला आमच्याकडे तिचा फार उपयोग होतो.

पाणीही ओढणारं ‘वेट अँड ड्राय’ यंत्र मोठ्या पिंपासारखं आणि जड असतं. पावसाचं पाणी घरात येत असेल किंवा दुकान, दवाखाना असेल तर ते घ्यावं. साध्या यंत्राला मात्र पाण्याचा थेंब दाखवू नये. चुलीतली किंवा बंबातली राख, सिमेंट आणि रांगोळी याही त्याला वर्ज्य आहेत. राखेत निखारा असतो आणि रांगोळीची बारीक पूड जाळी बुजवून टाकते.

आता सगळ्यांना मोह पडतो तो आपोआप फिरणाऱ्या चकतीचा, म्हणजे रोबोचा. अमेरिकेत २००२ साली ‘रूम्बा’ आला आणि तेव्हापासून ही जात वाढतच आहे. सपाट फ्लॅटमध्ये, दिवसभर घर बंद असताना, तो चांगलं काम करतो. पण जुन्या वाड्यातल्या चार बोटं उंच उंबऱ्याशी तो नव्या सुनेसारखा थबकतो. जमिनीवरच्या वायरी गुंडाळतो, देवघरापुढची रांगोळी खाऊन टाकतो आणि गादी-पडद्यांपर्यंत तर त्याचा हात पोचतच नाही. आमच्याकडे ज्या धुळीसाठी यंत्र हवं, तीच त्याच्या आवाक्याबाहेर राहते.

दुकानात गेल्यावर पहिला आकडा ऐकू येतो तो वॅटचा. ‘सोळाशे वॅट आहे, साहेब!’ वॅट म्हणजे मोटर वीज किती खाते त्याचं माप. ती धूळ किती ओढते, त्याचं नव्हे. युरोपीय संघानं २०१४ साली घरगुती यंत्रांना १६०० वॅटची आणि २०१७ साली ९०० वॅटची मर्यादा घातली. नळी, तोंड आणि आतला हवेचा मार्ग नीट असेल, तर कमी विजेतही काम होतं. उलट गावाकडे जास्त वॅटची अडचणच होते. १४०० वॅटचं यंत्र २३० व्होल्टला सहा अँपिअरच्या वर जातं. ते बेडरूममधल्या जुन्या पाच अँपिअरच्या छोट्या पिनेवर लावू नये, पंधरा अँपिअरचं मोठं सॉकेट हवं. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की ओढ मंदावते. दिवे-पंख्यांपुरत्या घेतलेल्या इन्व्हर्टरवर ते चालवायचं मनातही आणू नका. खर्चाची भीती मात्र नको : १२०० वॅटचं यंत्र वीस मिनिटं चालवलं तर जेमतेम ०.४ युनिट वीज जाते.

बॅटरीवर चालणारी काठीसारखी यंत्रं हलकी आणि सोयीची असतात, जिना झाडायला तर उत्तमच. पण पूर्ण जोरावर बॅटरी थोडाच वेळ टिकते, तिला आयुष्य असतं आणि ती बदलायची वेळ आली की किंमत ऐकून माणूस खाली बसतो. ही किंमत यंत्र घेतानाच विचारावी.

आता फिल्टरविषयी. आमच्या आळीतल्या एका काकूंना दमा आहे. डॉक्टरांनी धुळीपासून दूर राहायला सांगितलं. मुलगा म्हणाला, यंत्र घेऊ. सूनबाईंनी विचारलेला प्रश्न मात्र मला फार मोलाचा वाटला : ‘काका, यंत्र हवा ओढतं, मग ती बाहेर कुठून सोडतं?’ नेमकी गोष्ट हीच आहे. साध्या कापडी पिशवीच्या यंत्रातून मोठा कचरा आत राहतो आणि सर्वांत बारीक, छातीत खोल जाणारी धूळ मागच्या बाजूनं पुन्हा खोलीत येते. ती अडवायला ‘हेपा’ फिल्टर लागतो. अमेरिकी मापानुसार तो ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. खोक्यावर नुसतं ‘हेपा टाइप’ लिहिलेलं असेल तर फसू नये. एच-१३ असा दर्जा लिहिला आहे का, ते पाहावं. शिवाय यंत्राची शिवण घट्ट हवी, नाही तर हवा फिल्टरला वळसा घालून निघून जाते.

ज्या घरात दमेकरी आहे, तिथं डबा रिकामा करण्याच्या यंत्रापेक्षा फेकून देण्याच्या कागदी पिशवीचं यंत्र बरं. डबा झटकताना सगळी धूळ पुन्हा तोंडावर येते. पिशवी बदलण्याचं काम दमेकऱ्यानं करू नये; सफाई चालू असताना आणि नंतरही थोडा वेळ त्यानं दुसऱ्या खोलीत बसावं. आणि यंत्रानं दमा बरा होतो असं कुणी सांगितलं तर त्याला चहा पाजून वाटेला लावावं. गादीतले सूक्ष्म किडे नळीनं पूर्ण निघत नाहीत. त्यासाठी अभ्रे-चादरी दर आठवड्याला चांगल्या कढत पाण्यात धुणं आणि गादी उन्हात टाकणं हे जुनेच उपाय चालू ठेवायला हवेत.

काकूंच्या घरी शेवटी पिशवीचं, हेपा फिल्टरचं मध्यम यंत्र आलं. रोबोचा विचार मुलानं सोडून दिला.

दुसरा प्रश्न, वापरणार कोण? याचं उत्तर घरोघर टाळलं जातं. यंत्र निवडतो मुलगा, पैसे देतो मुलगा आणि नळी धरते साठीची आई, नाही तर कामाला येणाऱ्या मावशी. पाच-सहा किलोचं धूड माळ्यावरून काढायचं, नळ्या जोडायच्या, पुन्हा ठेवायचं. यातच जर दम लागला तर ते यंत्र दिवाळीपुरतंच खाली येतं. बँकेच्या भाषेत याला घसारा म्हणतात. समजा, आठ हजारांचं यंत्र आठ वर्षं टिकलं. दर आठवड्याला वापरलं तर प्रत्येक सफाई साधारण एकोणीस रुपयांना पडते. वर्षातून तीनदा काढलं तर तीच सफाई तीनशे तेहतीस रुपयांना पडते. यंत्राची किंमत दुकानात ठरत नाही. आपण ते कुठे ठेवतो, यावर ती ठरते.

आणखी एक प्रकार मी पाहतो. यंत्र महाग म्हणून मावशींना त्याला हात लावू देत नाहीत. त्या आपल्या वाकून, नाकाला पदर लावून, कोरड्या झाडूनं धूळ उडवत राहतात आणि यंत्र पाहुण्यांना दाखवण्यापुरतं राहतं. दमेकरी सफाई कामगारानं शोधलेल्या वस्तूची याहून मोठी थट्टा नसेल. चार दिवस शेजारी उभं राहून शिकवलं तर कुणालाही ते यंत्र येतं. धूळ तर त्यांच्याही छातीत जाते.

घेण्यापूर्वी कोपरगावच्या किंवा श्रीरामपूरच्या दुकानदाराला विचारून घ्या, की पिशव्या, फिल्टर आणि नळी इथं मिळतील का? बिघडलं तर माणूस घरी येईल की खोकं नाशिकला न्यावं लागेल? वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख तिथल्या तिथे घाला. चांगदेवांनी ज्ञानदेवांना कोरं पत्र पाठवलं, ही कथा आमच्या गावात लहान मुलालाही ठाऊक आहे. त्या कोऱ्या कागदाला उत्तर मिळालं. कोऱ्या वॉरंटी कार्डाला मिळत नाही.

केरसुणी घरातून जाणार नाही आणि जाऊही नये. लक्ष्मीपूजनाला हळद-कुंकू तिलाच लागेल. यंत्रानं तिचं सगळं काम घ्यायचं नाही. जिथं ती पोचत नाही आणि जिथं ती उडवते ती धूळ कुणाच्या तरी श्वासाला बाधते, तेवढंच घ्यायचं. तेव्हा यंदा खरेदीला जाल, तर घरात रोज जी झाडते तिला बरोबर घेऊन जा. दुकानात नळी तिच्या हातात द्या, यंत्र तिला उचलून पाहू द्या, आवाज ऐकू द्या. ती ‘जड आहे हो’ म्हणाली, तर सवलत कितीही असो, पुढच्या यंत्राकडे वळा.