एकट्याने जाऊ नये म्हणून

अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या युजीन शहरातली ही गोष्ट. १९८६ साली सेक्रेड हार्ट रुग्णालयात एका मरणासन्न वृद्धाने परिचारिका सँड्रा क्लार्क यांना जवळ बसायला विनवलं. बाकीच्या रुग्णांना पाहून येते, असं सांगून त्या गेल्या. परतल्या तेव्हा तो गेलेला होता. ती सल त्यांनी कामाला लावली आणि २००१ मध्ये ‘नो वन डाइज अलोन’ हा उपक्रम तिथे सुरू झाला; पुढे इतर अनेक रुग्णालयांनी तो उचलला.

ज्यांचं जवळचं कोणी नाही किंवा ज्यांचे नातलग वेळेत पोहोचू शकत नाहीत, अशांसाठी या उपक्रमातले स्वयंसेवक पाळीपाळीने खाटेशी बसतात. हात हातात धरायचा, आवडीचं संगीत हलक्या आवाजात लावायचं, काही वाचून दाखवायचं, नाहीतर नुसतं बसायचं. माझ्या मते हे नुसतं बसणंच सगळ्यांत अवघड. औषधोपचार त्यांच्याकडे नसतात. रुग्ण कळवळताना दिसला तर परिचारिकेला हाक मारायची. शुद्ध हरपलेल्या माणसाशीही बोलत राहावं, कारण अशा काही रुग्णांच्या मेंदूत आवाजाला प्रतिसाद उमटताना संशोधकांना आढळला आहे.