बिनमेंदूचा वाटाड्या

जून-जुलैत पावसाची झड लागली, की हिंजवडी, माण, मारुंजीच्या बाजूला कुजक्या ओंडक्यावर किंवा कंपनीच्या बागेतल्या पालापाचोळ्यावर एखाद्या सकाळी पिवळाधमक, फेसाळ गोळा पसरलेला दिसू शकतो. कालवलेल्या हळदीसारखा. बुरशी समजून लोक तो पायाने ढकलून देतात. हा फुलिगो सेप्टिका, स्लाइम मोल्डचा एक प्रकार. एक-दोन दिवसांत त्याचा रंग उतरतो, वरचा पापुद्रा ठिसूळ होतो आणि बोट लावलं की आतून बीजाणूंची काळपट भुकटी उडते.

स्लाइम मोल्ड बुरशी नाही. त्याचं नातं अमीबाशी. आंटोन डी बारी या जर्मन शास्त्रज्ञाने 1859 मध्येच त्याला बुरशीपासून वेगळं काढलं होतं. तरीही त्याचा अभ्यास आजवर मुख्यतः बुरशीतज्ज्ञांनीच केला. भारतातल्या प्रकारांवरचा के. एस. थिंड यांचा ग्रंथ 1977 चा. पुढे 2012 मध्ये व्ही. डी. रानडे, किरण रणदिवे आणि सहकाऱ्यांनी भारतभरच्या नोंदी एकत्र करून सूची प्रसिद्ध केली. असं काम चिकाटीचं असतं आणि त्याचं कौतुक फारसं होत नाही, म्हणून इथे मुद्दाम नोंदवतो.

प्रयोगशाळेत मात्र राज्य चालतं फायसारम पॉलिसेफॅलमचं. तळहाताएवढा पसरलेला हा जीव म्हणजे एकच पेशी, आत असंख्य केंद्रकं. सूक्ष्मदर्शकाखाली त्याची एखादी शीर पाहावी: आतला द्रव जोरात एका दिशेने धावतो, मंदावतो, थबकतो आणि उलटा वाहू लागतो. साधारण दोन मिनिटांत एक फेरी पुरी होते. मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत; जे काही ठरतं ते या भरती-ओहोटीतून.

जपानच्या तोशियुकी नाकागाकींनी 2000 मध्ये त्याला चक्रव्यूहात सोडलं. दोन टोकांना अन्न ठेवल्यावर बंद वाटांतून त्याने अंग काढून घेतलं आणि सर्वांत जवळच्या मार्गावर एक जाड शीर राखली. पुढे 2010 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला प्रयोग तर थक्क करणारा आहे. टोकियो परिसराच्या नकाशावर शहरांच्या जागी ओट्सचे दाणे मांडले. डोंगर आणि पाण्याच्या जागी उजेड पाडला, कारण उजेड त्याला सोसत नाही. आधी तो सगळीकडे पसरला, मग अनावश्यक फाटे गळू लागले. सुमारे 26 तासांत उरलेलं जाळं खर्च, अंतर आणि एखादा दुवा तुटला तरी तग धरण्याची ताकद या तिन्ही बाबतींत टोकियोच्या रेल्वेच्या तोडीचं होतं. नियम साधा: ज्या शिरेतून प्रवाह जास्त ती रुंदावते, जिथून कमी ती आक्रसते.

हिंजवडीत रोज सकाळी शिवाजी चौक, भूमकर चौक किंवा वाकडच्या पुलाशी अडकलेल्यांना यातला तिसरा निकष अंगवळणी पडलेला आहे. मोजक्याच वाटांवर सगळा भार असला, की एक वाहन बंद पडून अख्खा आयटी पार्क खोळंबतो. शिवाजीनगरला जोडणारी तेवीसेक किलोमीटरची मेट्रो हा मोठा दिलासा ठरू शकतो, पण एका ओळीने जाळं होत नाही. स्लाइम मोल्ड दोन ठिकाणांमध्ये एखादी जादा आडवाट पोसतो. ती वाया गेलेली नसते.

शिकण्याबाबतही तो चकित करतो. फ्रान्समध्ये ऑद्रे द्युसुतूर यांच्या गटाने 2016 मध्ये त्याच्या वाटेत कडू क्विनाइन ठेवलं. आधी तो बिचकला, पण काही दिवसांत धोका नाही हे ओळखून सरळ ओलांडू लागला. अशा सरावलेल्या स्लाइम मोल्डची शीर नवख्याशी जुळली, की नवखाही बिचकेनासा होतो!

टोकियोसारखा प्रयोग आपल्याकडच्या एखाद्या महाविद्यालयाने हिंजवडीसाठी जरूर करावा. वाकड, बाणेर, रावेत, चाकण, तळेगावला ओट्सचे दाणे, मुळा-पवनेच्या पात्रावर आणि टेकड्यांवर उजेड. सातबारा, भूसंपादन, मोबदला हे त्याला कळणार नाही, रस्त्याचा आराखडा म्हणून ते जाळं जसंच्या तसं उचलताही येणार नाही. पण नव्या वाटा नेमक्या कुठे कमी पडतात, हे विद्यार्थ्यांना ओट्सचं एक पाकीट, अगार आणि अंधारी खोली एवढ्यावर पडताळता येईल.