प्रोसेसरची गती आणि त्याचे कार्य : जुन्या व नव्या लॅपटॉपांच्या तुलनेचा विचार

दोन लॅपटॉपांची तुलना करावयाची झाल्यास बहुतेकांची दृष्टी प्रथम प्रोसेसरच्या नावाकडे व त्यापुढे छापलेल्या गिगाहर्ट्झच्या आकड्याकडे वळते. आकडा मोठा तर यंत्र जलद, ही समजूत स्वाभाविक असली तरी शास्त्राच्या कसोटीस उतरणारी नाही. या समजुतीपायी कधी कामाचे यंत्र मोडीत काढले जाते, तर कधी कमी उपयोगाच्या यंत्रासाठी अधिक द्रव्य खर्ची पडते. विद्यालये, लहान कार्यालये आणि मर्यादित उत्पन्नाची कुटुंबे यांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही.

एक गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १०० कोटी ठोके. या ठोक्यांच्या तालावर प्रोसेसर आज्ञा पार पाडीत असतो. परंतु एका ठोक्यात सरासरी किती आज्ञा पुऱ्या होतात, हे त्या आकड्यावरून कळत नाही. ते प्रोसेसरच्या अंतर्रचनेवर अवलंबून असते. सेकंदाभरात होणारे काम हा ठोक्यांची संख्या आणि दर ठोक्यातील काम यांचा गुणाकार होय. समजा, एक प्रोसेसर २.४ गिगाहर्ट्झने चालतो व दर ठोक्यास सरासरी एक आज्ञा पुरी करतो, दुसरा १.६ गिगाहर्ट्झने चालतो, पण दर ठोक्यास दीड आज्ञा पुरी करतो. दोघांचेही काम सेकंदाला २४० कोटी आज्ञा इतकेच भरते.

हे उदाहरण कल्पित असले तरी त्यास इतिहासाचा आधार आहे. इंटेल कंपनीने २००० साली आणलेल्या पेंटियम ४ या प्रोसेसरात अधिकाधिक ठोक्यांवर भर होता. त्यासाठी प्रत्येक आज्ञेचे काम सुमारे २० लहान टप्प्यांत विभागले होते. स्लॅब घालताना मजूर रांगेत उभे राहून घमेली हातोहात पुढे देतात, तशीच ही व्यवस्था होय. रांगेत माणसे अधिक असली की प्रत्येकाचे काम थोडे होते व हात भराभर चालतात. परंतु चुकीचा माल पुढे गेला, तर सारी रांग रिकामी करून पुन्हा भरावी लागते. रांग जितकी लांब तितका खोळंबा मोठा. प्रोसेसरही पुढे कोणती आज्ञा लागेल याचा अंदाज बांधून काम सुरू करीत असतो, आणि अंदाज चुकल्यास हाच प्रकार घडतो. २००३ साली इंटेलच्या इस्रायलमधील अभियंत्यांनी खास लॅपटॉपसाठी रचलेला पेंटियम एम बाजारात आला. त्यातील टप्प्यांची रांग आखूड होती आणि जवळची साठवण, म्हणजे कॅश, १ मेगाबाइट होती. पेंटियम ४-एममध्ये ती त्याच्या निम्मी होती. परिणामी १.६ गिगाहर्ट्झचा पेंटियम एम अनेक नित्याच्या कामांत २.४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४-एमची बरोबरी करू लागला, आणि तीही कमी विजेत. २००६ साली आलेल्या कोअर २ मालिकेने हीच दिशा स्वीकारली.

अलीकडील काळातील एक जोडी याहून उद्बोधक आहे. २०१६ चा आय७-७५००यू आणि २०१७ चा आय५-८२५०यू हे दोन्ही प्रोसेसर १५ वॅटच्या मर्यादेसाठी रचलेले आहेत. पहिल्याची मूळ गती २.७ गिगाहर्ट्झ, तर दुसऱ्याची केवळ १.६. नाव आणि आकडा या दोन्ही बाबतींत पहिला वरचढ दिसतो. परंतु पहिल्यात दोन कोअर, म्हणजे स्वतंत्र गणनाकेंद्रे आहेत, तर दुसऱ्यात चार. एका कोअरवर चालणाऱ्या कामात, जेथे त्यांची कमाल गती अनुक्रमे ३.५ व ३.४ गिगाहर्ट्झ आहे, दोघे जवळपास सारखे ठरतात. विभागता येणाऱ्या कामात मात्र दुसरा स्पष्टपणे पुढे जातो.

तितक्याच विजेत अधिक काम कसे होते, याचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे. परिपथाच्या उघडझापीत खर्च होणारी वीज ही गतीच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. शिवाय गती उतरविली की व्होल्टेजही उतरविता येते. दोन्ही एकपंचमांशाने उतरविता आली असे मानल्यास विजेचा खर्च जवळजवळ निम्मा होतो. म्हणजे एका कोअरच्या विजेत दोन चालतात, आणि एकूण काम १.६ पट होते.

तथापि हा लाभ सर्वच कामांत पदरात पडत नाही. १९६७ साली जीन अ‍ॅमडाल यांनी दाखवून दिले की, कामाचा जो भाग विभागता येत नाही तोच अखेर मर्यादा घालतो. एका कोअरला १०० मिनिटे लागणाऱ्या कामापैकी ६० मिनिटांचेच काम विभागता येत असेल, तर गती तीच राहिली तरी दोन कोअरना ७० मिनिटे लागतील आणि चारांना ५५. कोअर दुप्पट झाले, पण वेळ निम्मा झाला नाही.

लॅपटॉपच्या बाबतीत उष्णतेचाही विचार करावा लागतो. पातळ बांध्यात उष्णता कोंडली की प्रोसेसर स्वतः गती कमी करतो. म्हणून एकच प्रोसेसर दोन लॅपटॉपांत निरनिराळे काम देतो, आणि मिनिटभराच्या चाचणीत दिसलेला वेग अर्ध्या तासाच्या कामात टिकेलच असे नाही. तुलना करताना आपल्या नित्याचेच काम दोन्ही यंत्रांवर पुरेसा वेळ चालवून पाहणे, हाच मार्ग श्रेयस्कर होय. जुने यंत्र मंद भासते तेव्हा दोष पुष्कळदा प्रोसेसरचा नसून फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कचा किंवा अपुऱ्या स्मृतीचा असतो. तेथे एसएसडी बसविणे हा नव्या यंत्रापेक्षा स्वस्त उपाय ठरतो.

कार्यक्षमता आणि आयुर्मान या मात्र भिन्न गोष्टी आहेत. मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत यादीनुसार उपरोक्त जोडीपैकी आय५-८२५०यू विंडोज ११ साठी पात्र आहे, आय७-७५००यू नाही. आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आला. लेखन-वाचनासारख्या कामांत दोघांत फारसे अंतर नसताना एकास वापराबाहेर ढकलणारी ही रेषा गतीच्या मापनातून निघालेली नाही. लिनक्ससारख्या प्रणालीवर ते यंत्र आजही चालू शकते.

तात्पर्य, प्रोसेसर किती गिगाहर्ट्झचा, हा प्रश्न अपुरा आहे. कोणते काम, किती वेळात, किती विजेत आणि किती काळ सातत्याने होते, असे विचारल्यावरच जुन्या व नव्या यंत्रांची तुलना न्याय्य ठरते. त्या विचारणेनंतर नवे यंत्र घ्यावे असेही ठरेल, आणि जुनेच आणखी काही वर्षे पुरेल असेही ठरेल. परंतु तो निर्णय वेष्टनावरील आकड्याने केलेला नसेल.