बंद खाते आणि बंद गॅसनळी

शिल्लक शून्य झाली म्हणजे खाते मिटले, असे कोणताही जाणता व्यापारी मानत नाही. खाते रीतसर बंद करावे लागते, तशी नोंद ठेवावी लागते. अन्यथा कधीतरी कोणीतरी त्यावर व्यवहार करून बसतो. वापरात नसलेल्या गॅसनळीलाही हाच न्याय लागू पडतो.

बारामती आणि इंदापूरच्या जुन्या पेठांत खाली दुकान किंवा गोदाम आणि वर बिऱ्हाड अशी घरे अजून पुष्कळ आहेत. एकत्र कुटुंबात दुसरा ओटा झाला, की गॅलरीतील सिलिंडरपासून तांब्याच्या नळीला एक फाटा काढला जातो. पुढे एक भाऊ नव्या बंगल्यात किंवा पुण्याला राहावयास जातो. शेगडी जाते; नळी भिंतीवर तशीच राहते. तोटी फिरवली, काम झाले, असे घरचे समजतात. परंतु पहिल्या ओट्यावर गॅस चालू असेतोवर या फाट्यातही तोटीपर्यंत गॅस भरलेलाच असतो. जुनी तोटी झिजते. शिवाय खेळणारे मूल, रंगारी किंवा नवा भाडेकरू ती सहज फिरवू शकतो.

सिलिंडरमधील गॅस प्रामुख्याने प्रोपेन व ब्युटेन यांचा असतो. तो हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असल्याने वर न जाता जमिनीलगत पसरतो आणि जिन्यावरून खाली उतरतो. वरच्या मजल्यावरील गळती खालच्या बंद गोदामात साठू शकते, ती अशी. हवेत त्याचे प्रमाण सुमारे 2 टक्के झाले तरी एक ठिणगी पुरते. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे रसायन मिसळलेले असते. पण कुलूप लावलेल्या खोलीत तो वास घेणार कोण?

लहानशा जोडणीची किंमत लंडनला 16 मे 1968 रोजी कळली. रोनन पॉइंट या 22 मजली इमारतीच्या 18 व्या मजल्यावर एका महिलेने सकाळी चहासाठी काडी ओढली आणि स्फोट झाला. इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला. चार जण मृत्युमुखी पडले. शेगडीच्या नळीचा सदोष पितळी नट हे गळतीचे कारण ठरले.

नळी बंद करण्याची योग्य रीत अवघड नाही. प्रथम रेग्युलेटर बंद करून सिलिंडरपासून काढावा आणि सिलिंडरच्या तोंडावर त्याची सुरक्षा टोपी बसवावी. पुढील काम गॅस वितरकाच्या प्रशिक्षित मेकॅनिककडूनच करून घ्यावे. फाटा जेथून फुटतो तेथेच तो तोडून मुख्य नळीला आट्यांची धातूची टोपी बसवणे सर्वांत उत्तम. मग निकामी नळीत गॅस शिरतच नाही. ते शक्य नसल्यास निदान नळीच्या टोकाला तशी टोपी हवी. चिंधी, चिकटपट्टी, लाकडी खुंटी किंवा दुमडून बांधलेली रबरी नळी हे उपाय नव्हेत. टोपी बसवल्यावर गॅस सुरू करून जोडावर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी पेटवून तपासणी कधीही करू नये.

जेथे पाइपने नैसर्गिक वायू येतो, तेथे मीटर व नळी ही कामे फक्त संबंधित कंपनीचीच. तिच्याकडे अर्ज करून जोडणी रीतसर बंद करून घ्यावी. हा वायू हवेपेक्षा हलका असल्याने छताकडे साठतो.

वास आल्यास दिव्याचे बटण चालू किंवा बंद करू नये, दारे-खिडक्या उघडाव्यात, रेग्युलेटर बंद करावा, घराबाहेर पडून 1906 या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे.

घर भाड्याने देताना, विकताना किंवा वाटणी करताना कोणती नळी कोठे व केव्हा बंद केली, याची एक ओळ कागदपत्रांत असावी. दिवाळीला वहीपूजनाआधी घराची साफसफाई होतेच. त्या दिवसांत ओट्यामागची भिंतही एकदा पाहून घ्यावी. उघडे टोक दिसले, तर ते खाते अजून मिटलेले नाही.