नांगर दाखविण्यापूर्वी

बेळगावात सायकलच्या दुकानापासून आरंभ करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला. परंतु लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज त्या काळी शेतकऱ्यांत रूढ होता. अशा गिऱ्हाइकापुढे वस्तू मांडावयाची, तर पूर्वतयारी कोणती असावी?

आमच्या मते ती जिभेआधी जमिनीची असावी. निपाणीकडील काळे रान ओले असता फाळाला चिकटते, वाळले की ढेकळे निघतात; म्हणून वापसा पाहूनच दिवस ठरवावा. त्याच मातीत आदल्या दिवशी दोन तास मारून पाहावेत (हे तास घड्याळाचे नव्हेत!). फाळाची धार व बोल्टांच्या चाक्या तपासाव्यात. पाना आणि जादा फाळ जवळ ठेवावा. बैल मात्र गिऱ्हाइकाचेच घ्यावेत. आपल्या पोसलेल्या जोडीने नांगर चालविला, तर श्रेय बैलांना जाते. पहिला तास झाला, की रुमणे शेतकऱ्याच्याच हाती द्यावे.

आपल्या सीमाभागात नांगराबरोबर ‘नेगिलु’ हा कानडी शब्दही तोंडी हवा. किमतीचे उत्तर सर्वांनाच पाठ असते, पण “फाळ झिजला तर नवा कोठे मिळेल?” याचे उत्तर ज्याच्यापाशी नाही, त्याने घरीच थांबावे. आणि विषाची शंका निघाली तर हसू नये. लाकडी नांगरालाही फाळ लोखंडाचाच असतो. तेव्हा शेतकऱ्याच्या गोठ्यातला जुना नांगर मागवावा आणि त्याचा फाळ त्यालाच दाखवावा.